कमरेपर्यंत किशिनाव

माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो, पण केस कधीही खोटं बोलत नाही. युरोपच्या वास्तव्य पडताळणी समितीच्या अहवालाची सुरुवात या वाक्याने झाली होती. वाक्याखाली समितीच्या अध्यक्षांचं रंगीत छायाचित्र होतं. अध्यक्षांना पूर्ण टक्कल होतं.

समिती नेमायचं कारण असं, की मोल्दोव्हा युरोपीय संघात यायला निघाला होता. लहानसा देश. द्राक्षं, सूर्यफुलं, मका आणि परदेशी गेलेली तरुण मंडळी यांवर चालणारा. संघात यायचा मुहूर्त जवळ आला तसा जगाला या देशाचा एकाएकी लळा लागला. ज्यांना मोल्दोव्हा नकाशावर बोट ठेवून दाखवता आला नसता, ते तिथले नागरिक होऊ लागले. जुन्या सभासद देशांना हे दिसत होतं. म्हणून त्यांनी नव्या देशाच्या नागरिकांसाठी दोन दारं केली. पहिलं दार सताड उघडं: या, तीन महिने फिरा, चर्च बघा, केक खा. दुसरं दार राहायचं आणि कमवायचं. ते पहिली सात वर्षं अटीवर. जन्माचे नागरिक असाल तर प्रश्न नाही. मागाहून झालेले असाल, तर आपल्या नव्या देशात सलग पाच वर्षं खरोखर राहिलात हे सिद्ध करा. थोडक्यात, पाहुणे म्हणून जरूर या, मुक्कामाचं काढू नका. आपल्याकडच्या काही शहरांत ही पद्धत कायद्यावाचूनच पाळली जाते.

सिद्ध करायचं कसं, हा प्रश्न होता. भाडेकरार विकत मिळत होते. विजेची बिलं यावीत म्हणून रिकाम्या घरात पंखा चालू ठेवून देणाऱ्या एजन्सी निघाल्या होत्या. म्हणून समितीने यंत्र आणलं.

यंत्रामागचं शास्त्र जुनं आणि साधं आहे. पाण्यातला ऑक्सिजन मुख्यतः दोन वजनांचा असतो, एक हलका आणि एक किंचित जड. समुद्रावरून निघालेला ढग जसजसा जमिनीवर आत शिरतो, थंड मुलखाकडे जातो, तसतसा तो आपल्याजवळचं जड पाणी आधी टाकत जातो. ओझं वाहणारा कुठलाही शहाणा प्राणी हेच करील. त्यामुळे आपल्याकडच्या पावसात जड ऑक्सिजन जास्त आणि युरोपात खोलवर पडणाऱ्या पावसात कमी. ते पाणी माणूस पितो आणि त्यातला ऑक्सिजन त्याच्या केसात जाऊन बसतो. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे मुळाशी हा महिना आणि टोकाशी जुनी वर्षं. खाण्याचंही तसंच. कार्बनसुद्धा दोन वजनांचा असतो आणि कोणतं धान्य पोटात गेलं त्यावर केसातलं त्याचं प्रमाण ठरतं. पूर्वी हे मोजायला प्रयोगशाळा आणि कित्येक आठवडे लागत. आता मिक्सरएवढी एक पेटी केसाचा कणकण लेसरने जाळते आणि तासाभरात सांगते, हा माणूस कुठल्या महिन्यात कुठलं पाणी प्यायला.

पाच वर्षांच्या पुराव्याला कमरेपर्यंत केस लागतात. कापून आणलेले चालत नाहीत, कारण अहवाल आला त्याच हंगामात खेड्यातल्या म्हाताऱ्यांच्या वेण्या बाजारात विकायला आल्या होत्या. केस डोक्यावरच हवेत आणि अधिकाऱ्याने स्वतः कापलेले हवेत.

श्रीरंग टेंबे मूळचा कऱ्हाडचा. मोल्दोव्हाची राजधानी किशिनाव, तिथे तो डॉक्टर व्हायला गेला होता. दोन वर्षं शरीरशास्त्र शिकल्यावर त्याच्या लक्षात आलं, की वर्गातल्या मराठी मुलांना हाडांची नावं पाठ होत नाहीत याचं कारण बुद्धी नसून भूक आहे. त्याने खानावळ काढली. मुलं डॉक्टर होऊन परतली, श्रीरंग राहिला. दोइना नावाच्या नर्सशी लग्न झालं, इलिंका नावाची मुलगी झाली, नागरिकत्व मिळालं. अहवाल आला त्या दिवसापासून त्याने डोक्याला कात्री लावली नाही. आणि तीन वर्षांनी देश संघात गेला, तेव्हा दोइनाला ऑस्ट्रियात लिंत्सच्या एका इस्पितळात नोकरी लागली. ती जन्माची मोल्दोवन. तिला केसांबद्दल कोणी काही विचारलं नाही. ती इलिंकाला घेऊन गेली.

श्रीरंगला नवऱ्याच्या नात्याने तिच्याजवळ राहता आलं असतं, पण काम करायची परवानगी नव्हती. त्याचा स्वभाव असा, की दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला तरी कांदा चिरायला मागतो.

"येईन तो पुरता येईन," त्याने दोइनाला सांगितलं. "दोन वर्षं राहिलीत केसांची."

"आणि इलिंकाची शाळा?"

"पहिलीला मी सोडायला असेन."

अहवाल आल्यापासूनच त्याने स्वतःच्या खानावळीत जेवणंही बंद केलं होतं. मुलांना आमटी-भात, पिठलं-भाकरी वाढायचा आणि स्वतः मक्याच्या पिठाचा तिथला घट्ट सांजा, मामालिगा म्हणतात तो, नळाच्या पाण्याबरोबर खायचा. खालच्या मजल्यावरच्या वेराबाईंना हे चमत्कारिक वाटे. त्या येताजाता त्याच्या केसांकडे बघून छातीवर क्रूसाची खूण करत आणि काही सहीबिही करायची असली तर सांग म्हणत. वेराबाईंचा सही करण्याचा उत्साह मोठा होता. पार्सलवाल्याची वहीसुद्धा त्या सोडत नसत.

कऱ्हाडला त्याचे वडील, अप्पा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कृष्णेची पातळी मोजण्यात त्यांची नोकरी गेली. ते दर रविवारी व्हिडिओवर लेकाला न्याहाळत.

"काय रे, नाटक कंपनीत लागलास?"

"अप्पा, किती वेळा सांगू, राहण्याचा पुरावा आहे तो."

"डोक्यावर?"

"हो."

"मग माझ्यासारख्या टकल्याने काय करायचं? त्याने कुठंच राहायचं नाही?"

"ते कलम मी वाचलं नाही. मला टक्कल नाही."

"पडेल," अप्पा म्हणाले. "आपल्यात पडतं."

ते खरंच होतं. श्रीरंगच्या कपाळाची हद्द दर वर्षी मागे सरकत होती. त्याची एका बाजूला कायद्याशी शर्यत होती आणि दुसऱ्या बाजूला घराण्याशी.

गेल्या दिवाळीला तो कऱ्हाडला आला तो किशिनावच्या पाण्याचे दोन डबे घेऊन. नियमात वर्षाला सहा आठवडे बाहेर राहायची सवलत होती. तेवढ्या काळात माणसाने वाटेल ते पाणी प्यावं, कोणी विचारणार नव्हतं. पण सवलत आहे म्हणून ती वापरून टाकणारा माणूस टेंब्यांच्या कुळात झालेला नव्हता. सवलत राखून ठेवायची असते.

"लेकीच्या घरचं पाणी न पिणारा बाप ऐकला होता," मृदुलाताई म्हणाली. "बापाच्या घरचं पाणी न पिणारा लेक पहिल्यांदाच बघतेय." मृदुला ही त्याची थोरली बहीण, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. नाव ठेवताना कोणी फारसा विचार केला नसावा.

अप्पांनी माठातलं पाणी फुलपात्रात ओतलं आणि श्रीरंगसमोर ठेवलं. श्रीरंगने ते उचललं नाही. थोडा वेळ वाट बघून अप्पांनी ते स्वतःच पिऊन टाकलं.

"छान आहे हां," ते म्हणाले.

मे महिन्यात अप्पा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. लिंत्सच्या केंद्रात श्रीरंगची तपासणी जूनमध्ये ठरली होती. तो विमानं बदलत कऱ्हाडला पोचला तोवर ताईने अग्नी देऊन झाला होता. उरलेलं सगळं मुलासाठी राखून ठेवलं होतं.

"उद्या दहावा," ताई म्हणाली. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. "न्हावी सकाळी घाटावरच येईल. तूच उठ लवकर, मी हाका मारणार नाही."

"ताई, केस नाही देता येणार."

"कळलं नाही."

"कळलंय तुला. पाच वर्षं आहेत डोक्यावर. जूनमध्ये तपासणी आहे. आता गेले तर परत पाच वर्षं. तोवर पोरगी पाचवी-सहावीत जाईल आणि मी तिथे बिनकामाचा पाहुणा."

"रंग्या, मी अग्नी दिला. गल्लीने नाकं मुरडली, तरी दिला. बायकांच्या केसांचं चालत नाही म्हणाले, नाहीतर तेही मीच उरकलं असतं. तुला एवढं एकच मागितलंय."

"अप्पांचा विश्वास तरी होता का या सगळ्यावर?"

"नव्हता. आजोबांच्या वेळी मात्र केला होता गोटा. ऑफिसात तसेच गेले. साहेब हसला तर म्हणाले, वडील गेले, केस येतील."

श्रीरंग अंगणात गेला आणि दोइनाला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आमच्याकडे उलटं आहे," ती म्हणाली. "बाप गेला की पुरुष चाळीस दिवस दाढीला वस्तरा लावत नाहीत. तू आमचा नागरिक आहेस. त्या हिशेबाने केस ठेवणं हाच तुझा शोक झाला."

श्रीरंगला हे फारच पटलं. तो तसाच आत गेला आणि ताईला म्हणाला, "मी मोल्दोव्हाचा नागरिक आहे. तिथे केस ठेवायची पद्धत आहे."

"तू असशील. अप्पा नव्हते."

श्रीरंग पाटावर बसला. रागावलाही नाही, रडलाही नाही. नुसता बसला, बस चुकलेल्या माणसासारखा. मग त्याने खिशातून फोन काढला.

"हे वाच. म्हणजे मी नाटक करत नाही हे तरी कळेल. काय काय लागतं ते बघ. केस मुळापासून टोकापर्यंत सलग. रंग लावलेले नकोत. बट पेन्सिलीएवढी जाड. तीही कुठलीही नाही, डोक्याच्या मागून, माथ्याजवळून."

"माथ्याजवळूनच का?"

"तिथले केस सगळ्यात एकसारख्या वेगाने वाढतात म्हणे. कानाजवळचे, कपाळावरचे भरवशाचे नाहीत."

ताईने फोन घेतला. चष्मा वर करून आकृती पाहिली. मग ती त्याच्या मागे येऊन उभी राहिली आणि त्याच्या डोक्यावर मागच्या बाजूला बोट ठेवून तिने विचारलं, "इथून?"

"हो."

"पेन्सिलीएवढी?"

"हो. बाकीच्या केसांचं ते काही करत नाहीत."

"रंग्या," ताई म्हणाली, "अरे, ही शेंडी आहे."

मग ताईने गुरुजींना फोन लावला. गुरुजी स्कूटर चालवत होते, ते बाजूला थांबले.

"शेंडी?" गुरुजी म्हणाले. "अहो, ठेवायचीच असते. क्षौर म्हणजे शेंडी सोडून. आम्ही सांगायचं सोडून दिलं, कारण कोणी ठेवत नाही. सगळे म्हणतात, गुरुजी, ऑफिसात कसं दिसेल. तुमचा भाऊ ठेवतोय म्हणजे आनंद आहे. केवढी ठेवणार?"

"कमरेपर्यंत."

पलीकडून एक ट्रक गेल्याचा आवाज आला.

"शास्त्रात," गुरुजी म्हणाले, "कमाल लांबी दिलेली नाही."

घाटावर न्हाव्याने दोनदा विचारून घेतलं. "ही ठेवायची. एवढी. आणि बाकी सगळं गुळगुळीत. मालक, बघा हं, नंतर जोडून द्यायचं आमच्याकडे होत नाही." श्रीरंग मान खाली घालून बसला. पाच वर्षांतली बहुतेक वर्षं ओल्या पायरीवर पडली आणि न्हाव्याने ती पायाने बाजूला सारली. दाढीही गेली. मागे एक लांब, बारीक, काळी बट राहिली आणि तिला ताईने गाठ मारली, नदीत भिजू नये म्हणून.

ताईची एक तयारी वेगळीही होती. पिंडाला कावळा शिवला नाही, तर अप्पांची काहीतरी इच्छा राहिली असं ठरवून श्रीरंगकडून दोन-तीन गोष्टी कबूल करून घ्यायच्या, असं तिने मनात धरलं होतं. पण कावळा भुकेला निघाला. गुरुजी मागे सरकायच्या आत त्याने काम उरकलं.

घरी आल्यावर श्रीरंग माठाकडे गेला. अप्पांचं फुलपात्र माठावर पालथं होतं. त्याने ते भरून घेतलं आणि उभ्या उभ्या प्यायला. मग दुसरं भरलं.

"दिसेल ना मुळाशी?" ताईने विचारलं.

"दिसू दे."

"किती?"

"मिलीमीटर-दीड मिलीमीटर. तेरावा होईपर्यंत हेच पिणार आहे." दुसरं संपवून त्याने फुलपात्र पालथं घातलं. "छान आहे हां," तो म्हणाला. ताईने लगेच पाठ फिरवली आणि तवा चढवला.

"भाकरी खाशील का तीही चालत नाही?"

"पाच वर्षं सोडलीये. कार्बन निघतो तिचा."

"तिकडे काय खातोस?"

"मका."

ताई तव्यावरची भाकरी उलटायची थांबली. "मका आणि ज्वारी एकाच वर्गातली. दोन्हींत जड कार्बनच जास्त. तुझ्या यंत्राला त्यात फारसा फरक कळायचा नाही. उगाच सोडलीस भाकरी."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलंस कुठं? तू पाण्याचे डबे घेऊन आलास."

त्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या.

लिंत्सला स्टेशनवर इलिंका घ्यायला आली होती. तिने बापाला पुढून पाहिलं, मग मागून पाहिलं आणि काही न विचारता शेंडीचं टोक मुठीत धरलं. ट्राममधून घरी जाईपर्यंत ते सोडलं नाही. शेजारच्या बाकावरच्या बाईने मोठ्या सभ्यपणे खिडकीबाहेर बघितलं. दोइना एवढंच म्हणाली, "अप्पांसाठी का?" आणि तो हो म्हणाल्यावर तिने रात्री उशीवर ती बट नीट बाजूला ठेवून दिली.

"सप्टेंबरला सोडशील ना शाळेत?" इलिंकाने सकाळी विचारलं.

"संध्याकाळी सांगतो," श्रीरंग म्हणाला.

पडताळणी केंद्र स्वच्छ होतं आणि तिथे कोणी कोणावर ओरडत नव्हतं, त्यामुळे श्रीरंगला जास्तच धास्ती वाटली. बाकावर कमरेपर्यंत केस वाढवलेली पुरुषमंडळी ओळीने बसली होती. त्यांच्यात एक ठेंगणा, गुळगुळीत डोक्याचा गृहस्थ होता. तो गोळी चघळत होता. त्याला आत बोलावलं आणि गोळी संपायच्या आत तो राहण्याचं कार्ड हातात घेऊन बाहेरही आला. जाताना त्याने श्रीरंगच्या शेंडीकडे पाहून, समव्यवसायी माणसाला करतात तसा, नमस्कार केला.

मग श्रीरंगचं नाव पुकारलं. अधिकारी बाई मध्यमवयीन होत्या. त्यांनी हातमोजे घातले, आकृतीतली जागा आणि डोक्यावरची जागा ताडून पाहिली आणि त्या थांबल्या.

"आम्हाला लागते नेमकी तेवढीच ठेवलीत," त्या म्हणाल्या. "मला पहिल्यांदाच अर्जदाराकडून मदत झाली."

"ही जुनी पद्धत आहे," श्रीरंग म्हणाला.

कात्री चालली. डोकं हलकं झालं. ताईला हवं होतं तसं आता ते अखेर पुरतं झालं होतं. पेटी तासभर गुरगुरली. श्रीरंग हात मांडीखाली घेऊन बसला. तीन खोल्या, एक नर्स, एक सहा वर्षांची मुलगी आणि स्टेशनामागे भाड्याने मिळत असलेली खानावळीची जागा, हे सगळं त्या वेळी एका केसाच्या राखेत होतं. कागद बाहेर आला तेव्हा बाईंनी तो बोटाने वाचत नेला.

"किशिनाव. किशिनाव. किशिनाव. फार एकसारखं आहे. तुम्ही कुठे जात नाही का?" बोट थांबलं. "इथे मुळाशी वेगळंच पाणी आहे. उष्ण मुलखातलं. हे कुठलं?"

"वडिलांच्या घरचं."

"सहा आठवड्यांच्या सवलतीत बसतं," त्या म्हणाल्या. "ती तर तुम्ही कधी वापरलेलीच दिसत नाही." त्यांनी शिक्का मारला आणि कार्ड त्याच्यापुढे सरकवलं.

श्रीरंगने कार्ड हातात घेतलं. त्यावर त्याचं नाव बरोबर होतं. उठता उठता त्याने मोकळ्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याला अप्पांचा रविवारचा प्रश्न आठवला.

"माझ्या आधी एक गृहस्थ येऊन गेले. त्यांचं इतक्या लवकर कसं झालं?"

"त्यांना केस नव्हते," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच विचारतोय. केस नसलेल्यांचं काय करता?"

"त्यांना शेजाऱ्याची सही चालते."